द्राक्षे विकून मोकळे न होणाऱ्यांची शॅम्पेन

शॅम्पेनच्या लेबलावर सगळ्यांत खाली, भिंगाशिवाय सहसा वाचता येणार नाही इतक्या बारीक टाइपात, दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘एनएम’ असेल तर ती वाइन बाहेरून द्राक्षे विकत घेणाऱ्या व्यापारी घराण्याची, ‘सीएम’ असेल तर सहकारी संस्थेची आणि ‘आरएम’ असेल तर ज्याची बाग त्याचीच वाइन. ‘आरएम’ म्हणजे रेकोल्तां-मानिप्युलां. या बागायतदाराला आपल्या गरजेच्या जास्तीत जास्त 5 टक्के द्राक्षे बाहेरून घेण्याची मुभा असते, बाकी सगळा माल स्वतःच्या वेलींचाच लागतो. पॅरिसमध्ये नोकरीच्या निमित्ताने स्थायिक झाल्यापासून मी शॅम्पेन घेताना आधी ही दोन अक्षरे शोधतो, आणि त्याचे कारण जिभेपेक्षा जन्मगावाशी अधिक निगडित आहे. माझे घर निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदारांचे. घडाची साखर, मण्याची फुगवण आणि व्यापाऱ्याने दिलेला भाव या तीन विषयांवर आमच्याकडे जेवढे बोलणे झाले असेल, तेवढे दुसऱ्या कशावरही झालेले नाही.

दोन वर्षांपूर्वी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या एपर्ने शहराजवळच्या उतारावर उभे राहून मी काकांना व्हिडिओ कॉल केला होता. गुडघ्या-कमरेएवढ्या बुटक्या, हेक्टरी 8,000 च्या आसपास दाटीने लावलेल्या वेली पाहून त्यांना आधी हसू आले. मग त्यांनी उत्पादन विचारले. शॅम्पेनमध्ये दरवर्षीची हेक्टरी मर्यादा बागायतदार आणि व्यापारी घराणी मिळून ठरवतात. 2024 साली ती 10,000 किलो होती, म्हणजे एकरी जेमतेम चार टन. आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षांचा एकरी दहा टनांचा हिशेब सर्रास धरला जातो, त्यामुळे काका गप्प झाले. पण भाव ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. किलोला सहा-सात युरो मिळतात म्हटल्यावर त्यांनी विचारले, “अरे, एवढा भाव जागेवर मिळत असेल, तर तो माणूस द्राक्षे विकून मोकळा का होत नाही? वाइन करायच्या भानगडीत कशाला पडतो?”

हा प्रश्न पूर्णपणे व्यवहारी आहे, आणि बागायतदाराच्या शॅम्पेनबद्दल आजवर मी वाचलेल्या रसभरीत लेखांपैकी फारच थोड्यांनी तो विचारला आहे. शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे 4,000 किलो द्राक्षांतून 2,550 लिटरच रस काढता येतो, म्हणजे एका बाटलीमागे जवळजवळ 1.2 किलो द्राक्षे लागतात. म्हणजेच बूच, काच, तळघर, मजुरी यांपैकी एक पैसाही खर्च होण्याआधी बाटलीत सात-आठ युरोंचा माल गेलेला असतो, आणि ते पैसे बागायतदाराला घराण्याकडून काहीही न करता मिळू शकले असते. त्यानंतर ती बाटली निदान 15 महिने, चांगल्या घरी तीन-तीन वर्षे पडून राहणार, आणि मग गावातल्या फाटकावरची घंटा वाजवून आलेल्या गिऱ्हाइकाला बहुधा वीस-पंचवीस युरोंना विकली जाणार. शॅम्पेनच्या सुमारे 34,000 हेक्टरांपैकी जवळपास 90 टक्के जमीन बागायतदारांची असूनही विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक घराण्यांच्या नावाने जातात. हा हिशेब पाहता बहुतेकांनी काकांचाच सल्ला मानलेला दिसतो. बागायतदारांच्या बाटल्यांचा वाटा अलीकडच्या वर्षांत घटतो आहे, तेही त्यामुळेच.

जे विकून मोकळे होत नाहीत, त्यांची वाइन त्या हट्टाला साजेशी असते का, हे पाहण्यासाठी मी या हिवाळ्यात पाच बाटल्या घेतल्या. चारांची नावे पुढे देतो, पाचवीचे देणार नाही.

पहिली पियेर जिमोने यांची ‘क्वी प्रीमिए क्रू’. क्वी हे एपर्नेच्या दक्षिणेला, कोत दे ब्लां या खडूच्या उताराच्या सुरुवातीला वसलेले गाव. त्याच्या बऱ्याच बागांचे तोंड उत्तरेकडे असल्यामुळे द्राक्षे सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकून राहतो. या कुटुंबाने 1935 साली स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला सुरुवात केली, आणि तिथे काकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत घराण्यांनी द्राक्षे उचलणेच बंद केले होते, त्यामुळे विकून मोकळे होण्याचा पर्यायच उरला नव्हता. आज ज्याला स्वातंत्र्याची निशाणी म्हणून मिरवले जाते, त्याची सुरुवात पडून राहिलेल्या मालाने झाली, हे ऐकून आमच्या तालुक्यात कोणालाही नवल वाटणार नाही. न उचललेल्या द्राक्षांचा आम्ही बेदाणा करतो, त्यांनी वाइन केली.

ही वाइन संपूर्ण शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाची, आणि लाकडाचा स्पर्श नसलेली. ग्लासात ओतल्यावर पहिल्यांदा लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास येतो, मग पाटीवर ओले फडके फिरवल्यावर येतो तसा एक गार, खनिज गंध. घोट बारीक आणि सरळ आहे. बुडबुडे टोचत नाहीत. पण तिच्यात गुंतागुंत शोधायला जाऊ नये. बागायतदाराची शॅम्पेन म्हटल्यावर काहीतरी रांगडे, विक्षिप्त मिळेल अशी अपेक्षा असणाऱ्याची ही बाटली निराशा करील, कारण ती कमालीची नीटनेटकी आहे. जिमोनेंचे मत असे की एकाच शेताची वाइन वेगळी काढण्यापेक्षा क्वी, क्रामां, शुई अशा गावांच्या वाइन परस्परांना पूरक ठरतील अशा मिसळाव्यात, आणि या मतावर ते दीर्घकाळ ठाम राहिले. ‘एक शेत, एक वाइन’ हा आज या मंडळींचा मंत्र झालेला असताना एका बागायतदारानेच त्याला नकार द्यावा, हे मला आवडते. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हीच बाटली सुचवीन.

दुसरी, लार्मांदिए-बेर्निए यांची ‘लाँजित्यूद’, त्याच उताराच्या दक्षिण टोकावरच्या व्हेर्त्यू गावातली. हिच्यासाठी द्राक्षे व्हेर्त्यू, ओजे, आवीझ, क्रामां अशा साधारण एकाच रेखांशावर येणाऱ्या गावांतून घेतली जातात, म्हणून हे नाव. शेती रासायनिक खते-औषधे टाळणाऱ्या जैवगतिकीय पद्धतीची, आणि वाइन ‘एक्स्ट्रा ब्रुत’, म्हणजे लिटरमागे साखर 6 ग्रॅमपर्यंतच. साधी ‘ब्रुत’ असे लिहिलेल्या वाइनमध्ये ती 12 ग्रॅमच्या खाली कुठेही असू शकते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण साखर ही मेकअपसारखी असते. ती कमी केली की द्राक्षे कच्ची तोडली होती की पिकू दिली होती हे लपत नाही. इथे ती नक्कीच पिकू दिलेली आहेत. क्वीच्या वाइनपेक्षा हिला अंग अधिक आहे, पिकलेल्या पेरूची आठवण आहे, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा एक खारटपणा आहे. पाच बाटल्यांपैकी जेवणाच्या ताटाशी सर्वांत चांगली जुळली ती हीच. घरी केलेल्या कोथिंबीर वडीबरोबर आम्ही ती घेतली, आणि तळणीचा तेलकटपणा प्रत्येक घोटाने धुतला जात होता. (त्याच संध्याकाळी उरलेला शेवटचा ग्लास श्रीखंडाबरोबर घेण्याचा प्रयोग मी केला. तो कोणीही करू नये. वाइन व्हिनेगर वाटते आणि श्रीखंडाचीही चव जाते.)

तिसऱ्या बाटलीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. शार्तोन्य-ताये यांची ‘सँत आन’ ज्या मेर्फी गावातून येते, ते रँस शहराच्या वायव्येला आहे, आणि शॅम्पेनचा शौकीन प्रवासी तिकडे सहसा वळत नाही. सर्वोच्च प्रतीच्या, म्हणजे ग्रां क्रूच्या 17 गावांत ते नाही, त्याखालच्या प्रीमिए क्रूच्या 42 गावांतही नाही. या प्रतवारीचा अर्थ आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावा असा आहे. शंभर टक्क्यांचे गाव असेल तर त्या वर्षीचा पूर्ण भाव, नव्वदचे असेल तर दहा टक्के कमी, अशी ती गावागावांवर लादलेली भावाची पट्टी होती. बागायतदार कोण, छाटणी कशी, घड किती राखले, याचा तिच्याशी संबंध नव्हता. चांगल्या आणि आळशी शेतकऱ्याला गावाच्या नावावर एकच भाव. भावासाठी ही टक्केवारी आता वापरली जात नाही, पण लेबलांवरची बिरुदे राहिली, आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाच्या मनातली पट्टीही.

आलेक्सांद्र शार्तोन्य यांनी आवीझच्या आन्सेल्म सेलोस यांच्याकडे काम करून 2006 च्या सुमारास मेर्फीचा कारभार हाती घेतला. सेलोस यांचे नाव या विषयात टाळताच येत नाही. बरगंडी या वाइनच्या प्रदेशातल्या बोन शहरात तिथल्या पद्धतीचे शिक्षण घेऊन परतलेल्या या माणसाने घरच्या बागेत उत्पादन मुद्दाम कमी केले, वाइन ओकच्या पिंपांत आंबवली आणि शॅम्पेन ही आधी वाइन आहे, बुडबुडे नंतर, असा आग्रह धरला. 1994 साली एका प्रतिष्ठित फ्रेंच मार्गदर्शिकेने त्यांना देशातला सर्वोत्तम वाइनकार ठरवले, आणि तेही केवळ शॅम्पेनपुरते नव्हे, सर्व विभागांत मिळून. त्यांच्या स्वतःच्या बाटल्यांची किंमत आता कित्येकशे युरोंत असते आणि त्या माझ्या आवाक्यात नाहीत, म्हणून त्यांचे परीक्षण मी करत नाही. मात्र त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या वाइन घेणे शक्य आहे.

‘सँत आन’ शार्डोने आणि पिनो नुआर हे काळे द्राक्ष यांच्या मिश्रणाची आहे. मेर्फीची जमीन वाळूमिश्रित, खडूवर वाळूचा थर असलेली, आणि वाइनमध्ये मला जी एक मऊ, भुसभुशीत सैलता जाणवली तिचे कारण ते असावे असे म्हणण्याचा मोह होतो. खात्रीने एवढेच सांगता येते की ती पहिल्या दोन्हींसारखी चाकूच्या पात्यासारखी नाही. भाजलेल्या ब्रेडची कड, संत्र्याची साल, आणि ग्लास थोडा कोमट झाल्यावर सुक्या जर्दाळूचा वास. पहिल्या दिवशी ती मला साधीच वाटली. अर्धी बाटली झाकण लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा फेस कमी झालेला होता, पण वाइन दुप्पट बोलकी झाली होती. ज्या गावाला पट्टीने कमी भाव दिला, तिथल्या माणसाने द्राक्षे विकून मोकळे का व्हायचे, असा उलटा प्रश्न मी काकांना या बाटलीवरून विचारला असता. गावाचा भाव बदलता येत नसेल, तर बाटलीचा भाव तरी आपण ठरवावा, हे दुसरे उत्तर झाले.

भावावरून या प्रदेशात रक्त सांडण्याची वेळ आलेली आहे, हेही इथे सांगायला हवे. 1910 चा हंगाम जवळजवळ पूर्ण बुडाला होता आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतली स्वस्त वाइन आणून शॅम्पेन म्हणून विकत असल्याचा बागायतदारांचा आरोप होता. 1911 च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये जमाव उठला, घराण्यांची तळघरे फोडली गेली, आणि एप्रिलमध्ये आई नावाच्या गावात इमारती पेटवून देण्यात आल्या. (गावाच्या नावाचा उच्चार खरोखर आपल्या ‘आई’सारखाच होतो, आईच्या गावात झालेली ही जाळपोळ मराठी माणसाच्या लक्षात राहते.) शॅम्पेन कुठल्या भागातल्या द्राक्षांची, हे पुढे कायद्याने कडक केले गेले त्यामागे हा राग होता.

चौथी बाटली, एग्ली-उरिए यांची ‘ले व्हीन्य द व्रिन्यी’, पूर्णपणे म्युनिए या काळ्या द्राक्षाची आणि जुन्या वेलींची. म्युनिएला घराणी मिश्रणात भरपूर वापरतात, पण त्याचे नाव घेण्यात त्यांना परंपरेने संकोच वाटत आला. हे द्राक्ष लवकर म्हातारे होते असा त्यावर ठपका. त्याची वाइन एकट्याने बाटलीत भरणे म्हणजे पंगतीत नेहमी वाढप्याचे काम करणाऱ्याला पाटावर बसवण्यासारखे आहे. ही वाइन तीन वर्षांहून अधिक काळ यीस्टच्या साक्यावर मुरते. रंगाने गडद, वासाला मधाळ सफरचंद, जायफळाची किंचित चाहूल, आणि तोंडात इतकी भरदार की ती डोळे मिटून घेतली तर बुडबुडे असलेली बरगंडी वाटावी. पाचांत मला सर्वाधिक आवडलेली आणि सर्वांत महाग पडलेली बाटली हीच. एग्ली आपल्या मागच्या लेबलावर वाइन किती महिने साक्यावर होती आणि साका कोणत्या महिन्यात काढला हे छापतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवल्यावर यीस्टचा गाळ मानेत उतरवून, मान गोठवून तो बाहेर उडवला जातो, आणि त्या क्षणापासून वाइनचे वय वेगळ्या गतीने वाढू लागते. त्यामुळे ही तारीख गिऱ्हाइकाच्या खरोखर उपयोगाची असते. मी सहा महिन्यांपेक्षा ताजी बाटली शक्यतो उघडत नाही.

आता पाचवी. ‘आरएम’ अक्षरे, हाताने काढल्यासारखे दिसणारे लेबल, साखर शून्य, दुकानदाराची भरभरून शिफारस, असे सगळे काही असलेली ही बाटली मला मोरीत ओतावी लागली. आंबटपणा कच्च्या कैरीसारखा, त्यावर पिंपाच्या लाकडाचा जड थर, आणि मागे कुजक्या सफरचंदाचा वास. साखर न घालणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाऊ लागल्यापासून कच्च्या द्राक्षांनाही त्या यादीत घुसण्याची संधी मिळाली आहे. शिवाय छोट्या बागायतदाराला वाईट वर्षापासून पळ काढता येत नाही. 2021 साली वसंतात हिम पडले आणि नंतर पावसाने डावणीचा कहर झाला. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पावसात जी डावणी बागा झोपवते, तोच हा रोग. घराण्याला तीनशेहून अधिक गावांतून माल गोळा करता येतो, दहा हेक्टर एकाच गावात असलेल्याला नाही. त्याच्या हाती मागच्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन तेवढी असते, आणि ती पुरेशी नसली की बाटलीत जे यायचे ते येते. घराण्यांच्या वाइन दरवर्षी तंतोतंत एकसारख्या लागतात याची टिंगल करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ती एकसारखी चव राखणे हेही मोठे कसब आहे, आणि लग्नाच्या मांडवात तीनशे माणसांना शॅम्पेन द्यायची असेल तर मीही घराण्याचीच घेईन.

आणखी एक सावधगिरी. ‘आरसी’ अशी अक्षरे असलेल्या बाटलीवर नाव शेतकऱ्याचेच असते, पण त्याने आपली द्राक्षे सहकारी संस्थेत घातलेली असतात आणि तिथली तयार वाइन आपल्या लेबलाखाली परत आणलेली असते. ऊस कारखान्याला घालून भागधारकाच्या हक्काची साखर घरी आणण्यासारखा हा प्रकार आहे. तो गैर नाही, काही वाइन चांगल्याही असतात, पण बागायतदाराच्या हातची वाइन म्हणून तिला वेगळी किंमत मोजायचे कारण नाही. दुकानदार हा फरक आपणहून सांगत नाहीत. ग्लास उंच आणि निमुळता घेऊ नये, साध्या पांढऱ्या वाइनचा घ्यावा. वर वर्णन केलेले निम्मे वास निमुळत्या ग्लासात पोहोचतच नाहीत. थेट गावात जाऊन घ्यायची असेल तर आधी वेळ ठरवून जावे, कारण ती दुकाने नसून घरे असतात, आणि तोडणीच्या दिवसांत कोणालाही उसंत नसते. शॅम्पेनमध्ये तोडणी आजही कायद्याने हातानेच करावी लागते.

महाराष्ट्रात या बाटल्या मिळणे अवघड आणि मिळाल्या तर परवडणे त्याहून अवघड आहे, कारण आयात वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क राहिले आणि त्यावर राज्याचे कर. आपल्याकडेही फेसाळ वाइनची परंपरा नवी नाही. नारायणगावला 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ती बनू लागली आणि निर्यातही झाली, आणि दिंडोरीत 2010 च्या दशकात एका जगप्रसिद्ध शॅम्पेन घराण्याच्या नावाची वाइनरी आली. परंतु नाशिकच्या मोठ्या वाइनऱ्या मुख्यतः करारावरच्या शेतकऱ्यांच्या द्राक्षांवर चालतात, म्हणजे लेबलाच्या भाषेत हे सगळे ‘एनएम’. वाइनची द्राक्षे लावणारे माझे दोन चुलतभाऊ आपला माल कोणत्या बाटलीत गेला हे सांगू शकत नाहीत.

प्रवाशाला सोबत दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे या दिवाळीत मी दोन बाटल्या निफाडला नेल्या, क्वीची आणि व्रिन्यीची. काका माळकरी नाहीत, पण पिणारेही नाहीत. त्यांनी क्वीच्या वाइनचा एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि दुसरा घोट बराच वेळ जिभेवर धरून ठेवला. मला वाटले आता भाव विचारतील.

“साखर कितीला तोडली रे ही?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास.

“आपली थॉम्सन अठराला तोडली तर अशी आंबट राहत नाही,” ते म्हणाले. “रात्री गार पडत असणार तिकडं.” मग त्यांनी बाटली उचलून चष्मा वर सरकवला आणि लेबलावर सगळ्यांत खाली काय लिहिले आहे ते वाचू लागले.